बेळगावची सिटी बस: सरकारी की खाजगी? आधी रिकाम्या फेरीचं बोलू

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

"सिटी बस खाजगी करून टाका, आठ दिवसांत वळणावर येईल" असं बेळगावात हल्ली कुणीही म्हणतं. सीबीटीच्या (सिटी बसस्थानकाच्या) फलाटावर म्हणतात, आरपीडी कॉर्नरला म्हणतात, लग्नाच्या पंगतीतही म्हणतात. त्यावर दुसरा कुणीतरी "मग गरिबानं जायचं कसं?" असं विचारतो आणि बोलणं तिथंच खुंटतं. ते पुढं जावं म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गाडी कुणाच्या नावावर आहे यापेक्षा दोन प्रश्न मोठे आहेत. रिकाम्या फेरीचे पैसे कुणी सोसायचे? आणि वेळापत्रक कुणी ठरवायचं? या दोन्हींची उत्तरं लोकांच्या हातात राहणार असतील तर गाडी खाजगी असली तरी माझी हरकत नाही. ती उत्तरं कंत्राटदाराच्या हातात जाणार असतील तर माझा कडकडून विरोध आहे.

रिकामी फेरी म्हणजे काय ते बघा. सकाळी येळ्ळूर, कडोली, हिंडलगा, कुठूनही शहरात येणारी गाडी दारापर्यंत भरलेली असते. तीच लगेच परत फिरते तेव्हा आत चार-दोन डोकी. दुपारी बेळगुंदीकडं जाणाऱ्या फेरीत डिझेलचे पैसे सुटणंही कठीण. पण सिव्हिल हॉस्पिटलातून औषधं घेऊन परतणारी आजी त्याच फेरीला असते. उद्यमबागेत पाळी सुटल्यावर फौंड्रीतला कामगार अशाच कमी गर्दीच्या गाडीची वाट बघत असतो. ही फेरी काढून टाकली तर सकाळच्या भरलेल्या गाडीलाही गळती लागते. परतीची खात्री नसली की माणूस घरातून निघतो तो दुचाकीवरच.

थोडा मागचा हिशेब. १९४८ साली मुंबई राज्यात एसटी सुरू झाली तेव्हा आपण त्याच राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपण म्हैसूर राज्यात गेलो. तिथलं महामंडळ १९६१ चं. त्यातून १९९७ मध्ये वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ वेगळं निघालं. बेळगाव, धारवाड, गदग, हावेरी, बागलकोट आणि कारवार (उत्तर कन्नड), असे सहा जिल्हे त्याच्याकडं आणि मुख्य कचेरी हुबळीला. म्हणजे आपल्या सिटी बसची फेरी वाढवायची की कमी करायची, यात बेळगाव महानगरपालिकेला अधिकाराचं स्थान नाही. कोल्हापुरात केएमटी ही शहर बससेवा महापालिकेची आहे, तिथं सभागृहात नगरसेवक बसवरून प्रशासनाला धारेवर धरतात. आपण नगरसेवकाला गटारीबद्दल विचारू शकतो, बसबद्दल विचारलं तर तो हुबळीकडं बोट दाखवतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता 'खाजगी' म्हणताना आपण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी बोलतो. पहिल्या प्रकारात मालकाला परमिट मिळतं आणि तिकिटाचे पैसे त्याचे. मंगळूर शहरात मुख्यतः हे चालतं. दिल्लीत १९९२ ला याच पद्धतीनं रेडलाइन आणली, पुढं तिचं नाव ब्लूलाइन झालं. तिकीट मालकाचं, त्यामुळं थांब्यावरचा प्रवासी दुसऱ्या गाडीआधी उचलायचा म्हणून गाड्या एकमेकींशी शर्यत करायच्या. इतकी माणसं चिरडली गेली की शेवटी ती सेवा मोडीत काढावी लागली.

दुसऱ्या प्रकारात तिकिटाचे पैसे महामंडळाचे, आणि कंत्राटदाराला किलोमीटरमागं ठरलेला दर. गाडीत पाच माणसं असोत की पन्नास, त्याला तेवढेच पैसे. बंगळुरात बीएमटीसीच्या, म्हणजे तिथल्या शहर बस महामंडळाच्या, इलेक्ट्रिक गाड्या अशाच चालतात. चालक कंत्राटदाराचा, वाहक बीएमटीसीचा. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, दहा हजार गाड्यांची. तीही याच वळणाची आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार ३ ते ४० लाख वस्तीच्या शहरांना लागू आहे. आपली वस्ती तेव्हा ४ लाख ८८ हजार होती, म्हणजे आपण त्यात बसतो. तेव्हा 'खाजगी' या ना त्या वाटेनं दारात येणारच आहे. कोणत्या अटींवर, एवढंच आपल्याला बोलता येईल.

लिहा, मोकळेपणानं लिहा.

---

उचगावचा शेतकरी

काका, चांगलं लिहिलासा. पण गावाकडनं बघितलं तर जरा वेगळं दिसतंय. आमच्याकडं वडाप (सीटं भरून पळणारी खाजगी गाडी) हाय म्हणून आमचं चाललंय. शेताच्या बांधाजवळ हात केला की थांबतंय. रताळ्याचं पोतं, भाजीची बुट्टी टपावर टाकून घेतंय. बाजारातनं परतताना बियाणं, खताची पिशवी, सगळं येतंय. मोठी बस स्टॉप सोडून थांबत न्हाई, आणि पोतं बघितलं की कंडक्टरचं तोंड वाकडं. तुम्ही खाजगीला नावं ठेवताय, पण वडाप म्हणजे खाजगीच न्हवं का ओ? त्यानं आम्हाला कधी अडवलं न्हाई.

---

टिळकवाडीकर

दादा, वडापाला मी नावं ठेवत नाही. बस पोचत नाही तिथं तोच माणूस पोचतो, हे खरंच आहे. एकच विचारतो. सीट भरल्याशिवाय तो सुटतो का? आणि बाजार नसलेल्या दिवशी, पावसात, रात्री नऊ वाजता तो असतो का?

---

उचगावचा शेतकरी

भरल्याशिवाय सुटत न्हाई, हे खरं हाय. अकरा जण झाले तरी बाराव्याची वाट बघतंय. रात्रीचं स्पेशल करून जायचं, मग तो म्हणेल तो दर. मागल्या पावसाळ्यात भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा असंच करावं लागलं. पण पोत्याचं काय ते सांगा. खाजगी असो की सरकारी, बसमधनं माल न्यायची सोय कोण करणार? शहरातल्या माणसांना हे सुचतच न्हाई.

---

खानापूरची लेक

पोत्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे दादा, आणि तो बायकांचाही आहे. डोक्यावर भाजीची बुट्टी घेऊन पहाटे निघतात त्या बहुतेक बायकाच.

मला शक्ती योजनेबद्दल बोलायचंय. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. ओळखपत्र दाखवायचं, कंडक्टर शून्य तिकीट देतो. त्यावर पुरुषमंडळी किती बोलतात ते मला माहीत आहे. बायका उगीच फिरतात, गर्दी करतात वगैरे. मी शिवणकाम करणाऱ्या बायकांसोबत काम करते. त्यातल्या कितीतरी जणी आधी गावातच मिळेल त्या भावात काम घ्यायच्या, कारण शहरात जाऊन यायचं भाडं मजुरीतून वजा व्हायचं. आता त्या शहापूर-वडगावला येऊन दोन ठिकाणी भाव विचारतात आणि मग काम घेतात. माहेरी जायला नवऱ्याकडं पैसे मागावे लागत नाहीत, ही गोष्ट तर हिशेबाच्या कुठल्याच वहीत येत नाही.

म्हणून माझा प्रश्न साधा आहे. सिटी बस खाजगी झाली तर शून्य तिकिटाचं काय होणार?

---

मंगळूरवासी मराठी माणूस

ताई, मंगळूरचं सांगतो, मी इथं बरीच वर्षं आहे. इथं शहरात खाजगी बसचंच राज्य आहे, आणि या जिल्ह्यात खाजगी बसची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. शक्ती योजना खाजगी गाडीत चालत नाही. त्यामुळं ज्या मार्गावर सरकारी गाडी नाही तिथल्या बाईला ती योजना फक्त पेपरात दिसली. सरकारी गाड्या वाढवा अशी मागणी इथं त्यानंतर जोरात सुरू झाली, त्याचं कारण हेच.

पण टिळकवाडीकर, दिल्लीचं उदाहरण देऊन तुम्ही आमच्यावर जरा अन्याय केलात. इथं मुख्य रस्त्यावर दर काही मिनिटांनी गाडी आहे. परमिटवर वेळ लिहिलेली असते आणि ती मागचा-पुढचा मालकच पाळायला लावतो. दोन मिनिटं जास्त थांबलात तर मागून येणारा भांडायला उतरतो. गाडी बंद पडली तर मालकाचा दिवस बुडतो, म्हणून ती दुसऱ्या दिवशी रस्त्यावर असते. सरकारी डेपोत सुटा भाग यायची वाट बघत गाडी उभी राहते तसं इथं होत नाही. हे गुण तुम्ही मोजायलाच हवेत.

दोषही सांगतो. रात्र झाली की फेऱ्या गळायला लागतात, आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या वस्त्यांकडं कुणी नवं परमिट मागत नाही. आरटीए (परमिट देणारं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण) परमिट देऊ शकतं, पण कुणी मागितलंच नाही तर कुणाला सांगणार?

---

टिळकवाडीकर

तुमचा शेवटचा परिच्छेद हाच माझ्या धाग्याचा गाभा आहे. परमिट पद्धतीत सरकार 'नको' म्हणू शकतं, 'जा' म्हणू शकत नाही.

गाडी दुरुस्तीचा गुण मान्य, पूर्ण मान्य. तो किलोमीटरच्या कंत्राटातही मिळवता येतो. धावली नाही तर पैसे नाहीत, वर दंड.

खानापूरची लेक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: किलोमीटरच्या पद्धतीत तिकीट महामंडळाचं असल्यामुळं शून्य तिकीट चालतं, बंगळुरातल्या साध्या इलेक्ट्रिक गाड्यांत ते चालतंच. परमिट पद्धतीत सरकारनं मालकाला वेगळी भरपाई दिली नाही तर ते बुडालं.

---

चाक आणि घंटी

मी वाहक म्हणून निवृत्त झालो. कुठल्या डेपोतून ते लिहीत नाही, गरज नाही.

लोक म्हणतात सरकारी माणूस काम करत नाही. उत्पन्नाचा हिशेब रोज संध्याकाळी वाहकाकडूनच घेतला जातो हे कुणाला दिसत नाही. "तुझ्या शेड्यूलला उत्पन्न का पडलं?" पडणारच की. दुपारच्या फेरीला माणूसच नसतो, ती फेरी मी थोडीच आखली? पुढच्या महिन्यात 'उत्पन्न नाही' म्हणून तीच फेरी कापली जाते. फेरी कापली म्हणून माणसं तुटतात, माणसं तुटली म्हणून आणखी एक फेरी जाते. हे मी नोकरीभर पाहिलं. म्हणजे सरकारी असूनही खाजगी मालकासारखाच विचार सुरू होतो, कारण वरून पैसे वेळेवर येत नाहीत.

शक्तीचं शून्य तिकीट फुकट नसतं. त्याची रक्कम सरकारनं महामंडळाला द्यायची असते, आणि ती थकल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कामगारांची वेतनवाढीची थकबाकी १ जानेवारी २०२० पासूनची, तिच्यासाठी ५ ऑगस्ट २०२५ ला राज्यभर संप झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं, ते पुरुषांच्या आणि परराज्यातल्या प्रवाशांच्या खिशातून गेलं. ज्यांना महामंडळ तोट्यात म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं, पण आधी सरकारचं देणं वेगळ्या रकान्यात मांडावं.

एप्रिल २०२१ चा संप आठवा. तेव्हा सरकारनं खाजगी गाड्यांना सरळ बसस्थानकातून प्रवासी घ्यायची मुभा दिली होती. त्या गाड्या कुठं लागल्या? हुबळी, कोल्हापूरच्या फलाटावर. आडगावच्या फलाटावर एकही उभी राहिलेली मी पाहिली नाही.

---

निपाणीकर

मी व्यापारी माणूस, माझं मत इथल्या बहुतेकांना आवडणार नाही, तरी लिहितो. तोटा झाला की सरकार भरतं, सरकार म्हणजे आमचा कर. मी दुकानात तोटा केला तर कोण भरतो? स्पर्धा येऊ द्या. चार मालक एका रस्त्यावर आले की भाडं आपोआप उतरेल, सेवा सुधारेल. हुबळी-धारवाडला खाजगी 'बेंद्रे' गाड्या महामंडळाच्या शेजारी धावत होत्याच, लोक आवडीनं बसायचे. मग बेळगावला काय अडचण आहे?

---

टिळकवाडीकर

न आवडण्याचा प्रश्न नाही, तुमच्यासारखे विचारणारे हवेत.

हुबळी-धारवाड म्हणजे दोन मोठी शहरं आणि मध्ये वीसेक किलोमीटरचा एकच सरळ रस्ता, दिवसभर दोन्ही दिशांना गर्दी. तिथं दोन काय, चार जण पोट भरतील. बेळगाव ते बेकिनकेरे किंवा बेळगाव ते बिजगर्णी यावर चार मालक येतील असं तुम्हाला खरंच वाटतं?

स्पर्धेचा प्रयोग ब्रिटननं पुरता करून पाहिला आहे. १९८६ मध्ये लंडन सोडून बाकी सगळीकडं बस मोकळी केली. ज्याला जिथं परवडेल तिथं त्यानं चालवावी. गर्दीच्या रस्त्यांवर सुरुवातीला गाड्यांची झुंबड, मग मोठ्यानं छोट्याला गिळलं. न परवडणाऱ्या फेऱ्यांसाठी नगरपालिकांनाच पैसे मोजावे लागले. लंडनमध्ये गाड्या खाजगीच, पण मार्ग, भाडं, वेळ शहराची संस्था ठरवते आणि कंत्राट देते. जवळपास चाळीस वर्षांनी मँचेस्टरनं लंडनची पद्धत उचलली, सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात सगळ्या बस टप्प्याटप्प्यानं पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. खाजगीकरणाचं माहेरघर मानलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

कराचं म्हणाल तर महामंडळाचा तोटा आणि दुकानाचा तोटा एका तराजूत नको. उद्यमबागेतला कामगार वेळेवर पोचतो, निपाणीच्या बाजारात खेड्यातलं गिऱ्हाईक येतं, त्याचा नफा बसच्या वहीत जमा होत नाही. तो तुमच्या वहीत जमा होतो.

---

चंदगड फाटा

सीमेपलीकडच्या आमच्यासारख्यांचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून लिहितोय.

चंदगड तालुक्यातला माणूस दवाखान्याला, बाजाराला, कापड-दागिन्यांना बेळगावलाच येतो. कोल्हापूर आम्हाला लांब. आमची एसटी बेळगावात येते आणि कर्नाटकाची गाडी आमच्याकडं येते ती दोन राज्यांच्या परस्पर वाहतूक करारामुळं. कुणी कोणत्या मार्गावर किती फेऱ्या, किती किलोमीटर चालवायच्या ते त्या करारात ठरतं. खाजगी गाडीचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८ प्रमाणं एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्यात चालायला तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडं-पलीकडं धावायला एखादा छोटा मालक दोन आरटीओ कचेऱ्यांचे आणि दोन राज्यांच्या कराचे उंबरे झिजवेल का? तो हद्दीपर्यंत सोडेल आणि म्हणेल, पुढं चालत जा.

बायकांचं तर आणखी अवघड. महाराष्ट्राची पन्नास टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे, ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. कर्नाटकाची शक्ती कर्नाटकातल्या रहिवासी बाईला. आमची सून लग्न होऊन हिंडलग्याहून आली, तिचं आधार अजून तिकडचं आहे म्हणून तिकडं गेली की तिला शून्य तिकीट. सासूला पूर्ण. दोघी एकाच सीटवर.

आणि दोन राज्यांत तणाव झाला की पहिली बस थांबते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच झालं. डायलिसिसला जाणाऱ्यांनी काय करायचं? सरकारी असो की खाजगी, सीमाभागातल्या ठरावीक फेऱ्या अत्यावश्यक समजून पोलीस बंदोबस्तात चालवाव्यात असं दोन्ही सरकारांनी लेखी ठरवायला हवं.

---

पुण्यात स्थायिक, मूळचा शहापूरचा

किलोमीटरचं कंत्राट इथं जितकं सोपं वाटतंय तितकं नाही, म्हणून लिहितो.

पीएमपीएमएल, म्हणजे पुणे-पिंपरी चिंचवडची बस कंपनी, २००७ ला झाली. तिच्या ताफ्यात ठेकेदारांच्या गाड्या मोठ्या संख्येनं आहेत. मार्च २०२३ मध्ये बिलं थकली म्हणून ठेकेदारांनी गाड्या अचानक बंद ठेवल्या आणि लोक थांब्यांवर ताटकळले. म्हणजे सरकारनं पैसे थकवले की संप सरकारी कामगारही करतो आणि ठेकेदारही करतो. महाराष्ट्राच्या एसटीनं ५,१५० इलेक्ट्रिक गाड्या भाड्यानं घ्यायचा करार केला, त्या ठरल्या वेळी आल्याच नाहीत. मुंबईत बेस्टनं स्वतःचा ताफा आटवत भाड्याच्या गाड्यांवर भिस्त ठेवली. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात जी बस माणसांना चिरडत गेली ती अशीच भाड्याची होती, आणि त्या चालकाला त्या प्रकारच्या गाडीचं प्रशिक्षण किती मिळालं होतं हाच पुढं वादाचा मुद्दा झाला.

ठेकेदाराला किलोमीटरमागं दर एकदा ठरला की त्याला जास्त उरवायचे तर वाव राहतो तो चालकाच्या पगारात आणि देखभालीत. तेव्हा चालकाचं वेतन, प्रशिक्षणाचे तास, विश्रांती हे कंत्राटात आकड्यांनी लिहिलेलं हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, महामंडळाकडं स्वतःच्या पुरेशा गाड्या आणि स्वतःचे डेपो राहिले पाहिजेत. एकदा सगळंच भाड्यावर गेलं की ठेकेदार म्हणेल तो दर मान्य करावा लागतो.

---

चाक आणि घंटी

शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. डेपोची जागा गेली की परत मिळत नाही. शहराच्या मधोमध असलेल्या त्या जमिनींवर कुणाकुणाचा डोळा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

निपाणीकर

वाचतोय. कंत्राट जाहीर असावं, बिलं वेळेवर जावीत आणि न धावलेल्या फेरीचा दंड खरोखर वसूल व्हावा, एवढं झालं तर माझा विरोध नाही. पण मग जो कामचोर असेल तो सरकारी असला तरी त्याच मापानं मोजा.

---

टिळकवाडीकर

मोजायलाच हवा.

चंदगड फाटा यांचा सीमेवरचा मुद्दा आणि उचगावच्या दादांचा पोत्याचा मुद्दा माझ्या डोक्यात मुळात नव्हता. पुण्याच्या मित्रानं कंत्राटातल्या अटी दाखवल्या, त्याही मी मागणीत घेतोय.

पुढचं ठरवू. महामंडळाकडं माहिती अधिकारात मार्गनिहाय अर्ज टाकतो: प्रत्येक मार्गाच्या रोजच्या ठरलेल्या फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणं, शेवटच्या गाडीची वेळ आणि शून्य तिकिटांची सरकारकडून येणं असलेली रक्कम. इलेक्ट्रिक गाड्यांचं कंत्राट झालं असेल किंवा होणार असेल तर त्याच्या मसुद्याची प्रतही मागतो. कन्नडमधला अर्ज तपासून द्यायला कुणी असेल तर कळवा, म्हणजे उत्तर लवकर येईल.

दुसरं निवेदन महानगरपालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. मार्ग आणि वेळापत्रक ठरवताना पालिकेचे प्रतिनिधी, आसपासच्या ग्रामपंचायती आणि प्रवासी यांना बसवणारी समिती हवी. पहाटेच्या बाजाराच्या फेरीला मागची सीटं काढून मालाला जागा हवी. सीमेवरच्या फेऱ्या अत्यावश्यक ठराव्यात.

---

खानापूरची लेक

कन्नड अर्ज माझ्याकडं द्या, मी शाळेत कन्नड घेऊनच शिकले. आणि समितीत निम्म्या बायका असाव्यात हे आत्ताच लिहून टाका, मागून घालायला गेलं की राहून जातं.

---

उचगावचा शेतकरी

पंचायतीचा ठराव मी घेतो. तुरमुरी, बाचीच्या लोकांशी पण बोलतो. पोत्याचं पहिल्या पानावर घाला ओ काका.

---

टिळकवाडीकर

दोन्ही घातलं. मसुदा रविवारी इथंच टाकतो.